ट्रक तापतो, वास येतो : इंजिन जाम होण्याआधीच ओळखा

(वाहन विभागातील एका निवृत्त फोरमनकडून)



हंगाम सुरू झाला की गावोगावी चर्चा चालते ती टनेजची, उताऱ्याची आणि टोळी फडात कधी येणार याची. फडातला ऊस गव्हाणीपर्यंत आणणाऱ्या ट्रकची आठवण मात्र तो रस्त्यात बंद पडला म्हणजेच होते. आपल्यापैकी कित्येक सभासदांचे स्वतःचे ट्रक ऊस वाहतुकीला आहेत. अलीकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्या वाढल्या असल्या तरी पंधरा-वीस वर्षे वापरलेले ट्रक अजून हंगामात धावताना दिसतात. अशा जुन्या इंजिनाची दोन दुखणी नेहमीची : एक तापणे आणि दुसरे जळका वास. सुरुवातीला दोन्हींचा इलाज स्वस्त असतो. वेळ गेली की तेच दुखणे अर्ध्या हंगामाची कमाई खाते. म्हणून बोनेटखाली डोके घालून आयुष्यभर जे शिकलो, ते येथे सांगत आहे.

एका खेपेची गोष्ट

काही हंगामांपूर्वीची, जानेवारीतील रात्र. एका सभासदाचा भरलेला ट्रक कारखान्याच्या अलीकडच्या चढावर बंद पडला. नाव सांगत नाही, पण माणूस कष्टाळू, ट्रक कर्जाने घेतलेला. आम्ही जाऊन पाहिले तर रेडिएटर कोरडा आणि इंजिन जाम. सब्बल लावूनही फिरेना. ट्रक ओढून आणला, ऊस दुसऱ्या गाडीत भरायला दुसरा दिवस मावळला. इंजिन खोलले तेव्हा दोन पिस्टन लायनरला धरलेले आणि हेड वाकलेले निघाले. ट्रक उभा राहिला तो फेब्रुवारी संपेपर्यंत.

ड्रायव्हर एका बाजूला मान खाली घालून बसला होता. त्याला विचारले, “काय रे, आधी काहीच कळलं नाही?”

तो म्हणाला, “मिस्त्री, वास तर आठ दिसापास्नं येत हुता. गोड वास. मला वाटलं उसाचा असंल, न्हाईतर कारखान्याच्या मळीचा.”

“आणि काटा?”

“काटा लाल्यात गेला हुता. मग आपोआप खाली आला. म्हटलं, झाली गाडी थंड.”

“मग थांबला का नाहीस?”

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “मागं एकदा थांबलो, तर नंबर गेला. आण्णा लई बोलले. म्हटलं, कारखाना काय लांब न्हाई, पोचू कसंबी.”

या चार वाक्यांत सगळा लेख आला. गोड वास उसाचा नव्हता, कूलंटचा होता. तापमानाचा काटा खाली आला तो इंजिन थंड झाल्यामुळे नव्हे. रेडिएटरला जाणारा होज पाईप चिरला होता, पाणी गळून संपले होते. काट्याला खबर देणारा जो सेंडर इंजिनात बसवलेला असतो, तो पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पाणी संपले की तो कोरडा पडतो आणि काटा खोटा खाली येऊ शकतो. चढावर, भरल्या गाडीत, लाल्यात गेलेला काटा एकाएकी खाली आला तर त्याचा अर्थ “वाचलो” असा घेऊ नये. “पाणी संपले, ताबडतोब थांबा” असाच घ्यावा. आणि चौथे वाक्य मालकाच्या बोलण्याचे. त्याकडे शेवटी येऊ.

तापतो म्हणजे काय होते?

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारण तिसरा हिस्साच चाक फिरवण्याच्या कामी येतो. जवळपास तेवढीच उष्णता सायलेन्सरवाटे धुरातून जाते, आणि उरलेली बहुतेक पाण्याला घेऊन जावी लागते. पंप पाणी फिरवतो, रेडिएटरच्या जाळीत पंख्याची हवा त्याला थंड करते आणि ते पुन्हा इंजिनात येते. या फेऱ्यात कोठेही अडथळा आला की उष्णता इंजिनातच साठते. आधी ऑईल पातळ होते, मग पिस्टन फुगून लायनर घासतो, हेड वाकते, गॅस्केट उडते आणि शेवटी इंजिन जाम होते.

रेडिएटरचे टोपण हे नुसते झाकण नाही. ते पाणी दाबाखाली ठेवते, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. टोपणाचे रबर कुजले किंवा स्प्रिंग ढिली झाली की दाब टिकत नाही, आणि चांगले इंजिनही पाणी बाहेर फेकू लागते. टोपण फार महाग नसते, तरी जुन्या ट्रकवर चिंधी बांधलेले टोपण मी किती पाहिले, त्याला गणती नाही.

आधी विचारा : कधी तापतो?

आपली सवय अशी की ट्रक तापला की मेकॅनिक म्हणतो पंप बदला. पंप बदलला, तरी तापतो. मग रेडिएटर बदला, मग हेड खोला. पैसे जातात आणि दुखणे तेथेच राहते. सुटा भाग बदलण्याआधी ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारावा : गाडी कधी तापते?

उभ्या गाडीत, नंबरच्या रांगेत किंवा फडातल्या रस्त्यावर हळू चालताना तापते आणि मोकळ्या डांबरी रस्त्यावर बरी राहते, तर दोष बहुधा हवेचा. पंख्याचा पट्टा ढिला असेल, पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे कोणीतरी काढून ठेवले असेल, किंवा जाळी पाचट आणि धुळीने भरली असेल. आपल्या भागात हे तिसरे कारण फार आढळते. समोरून जाळी स्वच्छ दिसते, पण आतल्या थरात पाचटाचा भुसा आणि चिखल बसलेला असतो. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हवा किंवा हलक्या धारेने पाणी मारावे. जोराची धार मारली तर जाळीची पाती वाकतात आणि हवेची वाट आणखी बंद होते.

रिकामी गाडी बरी चालते, भरली आणि चढाला लागली की तापते, तर पाण्याच्या वाटेत अडथळा समजावा. रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसला असेल, पंपाची पाती झिजली असतील, थर्मोस्टॅट पुरा उघडत नसेल, किंवा खालचा होज पाईप आतून मऊ होऊन ओढीने चपटा होत असेल. त्याखेरीज गाडीला चिकटून चालणारे ब्रेक, तुंबलेला एअर क्लीनर, डिझेल पंपाचे चुकलेले टायमिंग आणि हौद्यातला जादा भार यांचाही विचार करावा.

सकाळी चालू केल्यावर थोड्याच वेळात तापते, तर आधी पाण्याची पातळी पाहावी. पाणी भरलेले असेल, तर थर्मोस्टॅट बंदच अडकला आहे किंवा हेड गॅस्केट गेले आहे असे समजून तपासावे.

गॅस्केटची परीक्षा सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना टोपण काढा, पाणी काठोकाठ भरा आणि मग इंजिन चालू करा. पाण्यात बुडबुडे सतत येत राहिले, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात घुसत आहे. ऑईलची काडी काढून पाहा. ऑईल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी ऑईलमध्ये उतरले आहे. असे इंजिन एक किलोमीटरही चालवू नका.

थर्मोस्टॅटची परीक्षा तर घरच्या चुलीवर होते. तो सोडवून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगा आणि पाणी तापवा. बहुतेक थर्मोस्टॅट ८० अंशांच्या आसपास, म्हणजे पाणी उकळण्याच्या बरेच आधी उघडू लागतात. पाणी खळखळा उकळले तरी तो उघडला नाही, तर फेकून द्या. पण तो काढून टाकून गाडी तशीच चालवण्याची जी पद्धत आपल्याकडे पडली आहे, ती चुकीची आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर गरम होत नाही, डिझेल जास्त जाते आणि लायनर झिजतात. शिवाय काही इंजिनांत तो उघडल्यावर पाण्याची आडवाट बंद करतो. अशा इंजिनात तो काढला तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जाते, आणि थंड करायला काढलेला थर्मोस्टॅट गाडी आणखी तापवतो.

बॉयलरला जे देत नाही, ते इंजिनाला का देता?

सभासदांनी कारखाना आतून पाहिला आहे. आपल्या बॉयलरला आपण विहिरीचे पाणी सरळ देत नाही. मऊ केलेले पाणी किंवा वाफेचे जमलेले पाणी देतो, कारण नळ्यांत क्षार बसला तर नळी जळून फुटते. इव्हॅपोरेटरच्या बॉडीत खवले बसले की उष्णता रसापर्यंत पोचत नाही, म्हणून त्या नळ्या ठराविक मुदतीने साफ कराव्या लागतात. हे सर्व जाणणारा आपला सभासद स्वतःच्या ट्रकमध्ये मात्र वाटेतल्या बोअरचे खारे पाणी डबड्याने ओततो. ट्रकच्या इंजिनातही तेच होते. क्षाराचा थर बसतो, पाणी गार दिसते आणि हेड आतून भाजत राहते.

म्हणून रेडिएटरमध्ये शुद्ध पाणी आणि कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात मिसळून घालावे. कूलंटमुळे गंज आणि क्षार दोन्ही कमी होतात. पण एक इशारा ध्यानात ठेवावा. बहुतेक कूलंटमध्ये ग्लायकॉल नावाचे द्रव्य असते. ते चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी असते. अंगणात सांडलेले किंवा घमेल्यात काढून ठेवलेले कूलंट कुत्रे, वासरू, लहान मूल गोड म्हणून चाटू शकते. ते उघडे ठेवू नये आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नये.

नाकाला विचारा : कोणता वास?

काटा सांगण्याआधी वास सांगतो. “जळका वास येतो” एवढ्यावर थांबू नये. कशासारखा आणि केव्हा येतो, हे ड्रायव्हरने सांगितले पाहिजे.

गोडसर, काकवी तापल्यासारखा वास : कूलंट गळत आहे. होज, पंप, रेडिएटर, केबिनमध्ये हीटर असल्यास तो, आणि शेवटी गॅस्केट, या क्रमाने पाहावे. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असते. तेथून थेंब पडू लागले म्हणजे पंपाचे सील गेले. उसाच्या गाडीत हा वास फसवतो, म्हणून गाडी रिकामी असतानाही येतो का, ते पाहावे. रिकाम्या गाडीत उसाचा वास काकवीसारखा येत नाही.

जळक्या रबराचा वास, सोबत किंचाळल्यासारखा आवाज : पट्टा घसरत आहे. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यास पट्टा साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा. जास्त दबला तर ढिला, मुळीच दबला नाही तर फार ताणलेला. ताणलेला पट्टा पंपाचे बेअरिंग खातो.

जळक्या ऑईलचा वास, बोनेटमधून निळसर धूर : टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून ऑईल गरम मॅनिफोल्डवर ठिबकत आहे. नट आवळून भागले नाही तर गॅस्केट बदलावे. खर्च थोडा आहे, पण दुर्लक्ष केल्यास आग लागते.

क्लचचा वास : जुना दोरखंड आणि कागद एकत्र जाळल्यासारखा, उग्र. फडातल्या मऊ जमिनीतून भरली गाडी अर्ध्या क्लचवर बाहेर काढली की हा वास येतोच. क्षणभर आला आणि गेला तर हरकत नाही. पण चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र ओढत नाही, असे झाले तर प्लेट घसरत आहे. पाय क्लचवर ठेवून गाडी चालवण्याची खोड ड्रायव्हरने सोडावी.

ब्रेकचा वास : तिखट, नाकात जाणारा. उतार उतरून आल्यावर सर्व चाकांचा येतो. सपाटीवर एकाच चाकाचा आला तर तो ब्रेक सुटत नाही. थांबून प्रत्येक ड्रमजवळ हात न लावता, दुरूनच आच पाहावी. ज्याची आच वेगळी लागेल, तेच चाक दोषी. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, ड्रम तडकतो. ग्रीस जळल्यासारखा वास आला तर हबचे बेअरिंग तपासावे.

प्लॅस्टिक जळल्याचा वास : वायरिंग. यात विचार करीत बसू नये. गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि बॅटरीची तार काढावी. बॅटरीजवळ कुजक्या अंड्यासारखा वास आला तर ती जादा चार्ज होत आहे. तेथे बिडी-काडी पेटवू नये.

पाचट जळल्याचा वास : हा आपल्या धंद्यातला सर्वांत धोक्याचा वास. मॅनिफोल्ड, टर्बो आणि सायलेन्सर यांच्या सांदीत पाचट अडकते, सुकते आणि धुमसते. वर ऑईल ठिबकत असेल तर ते पेट घेण्यास वेळ लागत नाही. भरणी झाल्यावर क्लीनरने इंजिनाभोवतीचे आणि सायलेन्सरवरचे पाचट हाताने काढावे. पण ते गरम असताना हात घालू नये, आकडी वापरावी. तापलेल्या सायलेन्सरची गाडी फडात वाळल्या पाचटावर उभी करू नये. गाडीत पावडरचे अग्निशामक असावेच. डिझेल किंवा वायरिंगच्या आगीवर पाणी मारू नये.

रस्त्यात तापला तर

काटा लाल्याकडे सरकू लागला की खालचा गिअर टाकावा. वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरत ओढत राहिले तर पंखा आणि पंप दोन्ही मंद फिरतात आणि गाडी अधिक तापते. तरीही काटा उतरला नाही तर रस्ता सोडून सुरक्षित बाजूला थांबावे आणि चाकाला दगड लावावा.

पाणी गळत नसेल, वाफ नसेल आणि ऑईलचा दाब ठीक असेल, तर दोन-तीन मिनिटे इंजिन हळू चालू ठेवावे, म्हणजे पाणी फिरून उष्णता निघून जाते. परंतु वाफ येत असेल, पट्टा तुटला असेल, ऑईलचा दाब पडला असेल किंवा काटा एकाएकी खाली आला असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे.

टोपण लगेच उघडू नये. आतले पाणी शंभर अंशांपेक्षा जास्त गरम आणि दाबाखाली असते. टोपण सैल होताच ते कारंज्यासारखे तोंडावर येते. अशा उतावळेपणाने दोन्ही हात आणि मान भाजलेला एक क्लीनर मी स्वतः दवाखान्यात नेला आहे. पोराचे वय एकोणीस. किमान अर्धा तास थांबावे. वरचा होज हाताला सोसेल इतका निवला आणि दाबल्यावर मऊ लागला, म्हणजे जाड पोते ठेवून टोपण एका खाचेपर्यंत फिरवावे, उरलेला दाब जाऊ द्यावा आणि मगच काढावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. हेड किंवा ब्लॉक तडकला तर तो सांधणे अवघड. निवल्यावर पाणी थोडे थोडे घालावे.

मालकाचे काम

आता त्या चौथ्या वाक्याकडे येतो. “आण्णा लई बोलले.”

तोडलेला ऊस उभा राहिला की वजन आणि साखर दोन्ही घटतात, हे खरे. खेप चुकली की भाडे बुडते, हेही खरे. म्हणूनच ड्रायव्हर थांबला की मालकाचा जीव वर-खाली होतो. पण हिशेब करून पाहावा. अर्धा तास थांबून होज बदलला असता तर एक नंबर गेला असता. न थांबल्यामुळे दीड महिना गेला, आणि त्या खेपेतला ज्या सभासदाचा ऊस होता त्याचेही नुकसान झाले. वास सर्वांत आधी ड्रायव्हरला येतो, मालकाला नव्हे. तो बोलायला घाबरला तर काटा, सेंडर, फोरमन यांचा काही उपयोग नाही. आजकालच्या नव्या गाड्यांत दिवे लागतात, शिट्टी वाजते, कित्येकांत इंजिन आपोआप जोर कमी करते. जुन्या गाडीत ते सर्व काम एका माणसाच्या नाकावर आणि डोळ्यांवर आहे.

त्या सभासदाने तो ड्रायव्हर काढला नाही. दुसऱ्या हंगामाच्या आरंभी मोळी टाकण्याच्या दिवशी मला भेटले तेव्हा म्हणाले, “मिस्त्री, आता त्याला सांगून ठेवलंय. थांबलास तर काही बोलणार नाही. वास आला अन् थांबला नाहीस, तर मात्र बोलीन.” त्या हंगामात तो ट्रक दोनदा वाटेत थांबला. एकदा पट्ट्यासाठी, एकदा टोपणासाठी. दोन्ही वेळा त्याच दिवशी गव्हाणीला पोचला.

रोजची दहा मिनिटे

सकाळी गाडी थंड असताना : पाणी पाहा, ऑईलची काडी पाहा, पट्टा अंगठ्याने दाबा, होज चेपून चिरा पाहा, गाडीखाली रात्रीचे डाग पाहा.

भरणीनंतर : जाळीतले आणि सायलेन्सरवरचे पाचट काढा.

खाली करून निघताना : चारही बाजूंनी फिरून वास घ्या.

हंगामापूर्वी : रेडिएटर आतून-बाहेरून साफ, नवे कूलंट, टोपण, थर्मोस्टॅट आणि होज तपासून घ्या. एक जादा पट्टा, एक होज, दोन क्लिपा आणि शुद्ध पाण्याचा वीस लिटरचा कॅन गाडीत असू द्या.

एवढे केले तर जुने इंजिनही हंगाम काढते. सर्व वाहतूकदार सभासदांनी हा अंक वाचून झाल्यावर आपल्या ड्रायव्हरला आणि क्लीनरला जरूर वाचून दाखवावा, ही विनंती.